मंदीच्या काळात शेजाऱ्यांनी एकमेकांना कसे सावरावे : पन्नास घरांसाठी एक आराखडा

मंदीची चाहूल कामगार वस्तीला इतरांच्या बरीच आधी लागते. पहिल्यांदा ओव्हरटाइम बंद होतो, मग तिसरी पाळी थांबते, त्यानंतर कंत्राटी कामगारांना ‘ब्रेक’ दिला जातो आणि शेवटी कायम कामगारांपुढे राजीनाम्याचे कागद येतात. २०१९ साली वाहनांची मागणी घसरली, तेव्हा पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात मोठ्या कारखान्यांनी काही दिवस उत्पादन बंद ठेवले आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपांना त्याची झळ बसली. कामगाराचा पगार थांबला की त्यावर चालणारी खाणावळ, किराणा दुकान, रिक्षा, शिकवणी आणि घरकाम करणारी बाई या सगळ्यांचे उत्पन्न काही आठवड्यांत आटते.

अशा वेळी शेजारी मदत करत नाहीत असे नाही. मात्र त्यांना कळते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. नोकरी गेलेला माणूस रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडत राहतो, मंगळसूत्र गहाण पडते, मुलाची शिकवणी ‘आता गरज नाही’ असे सांगून बंद होते आणि हे सारे उघड होईपर्यंत घर तीन-चार ठिकाणी कर्जात अडकलेले असते. म्हणून या लेखात सुचवलेल्या प्रत्येक पायरीमागे एकच आग्रह आहे : कोणालाही हात पसरावा लागू नये अशी व्यवस्था गरज पडण्यापूर्वी उभी असावी आणि तिच्यातून येणारी मदत रोजच्या व्यवहारासारखी सहज असावी.

पहिली पायरी : हद्द लहान ठेवावी, माणसे नीट निवडावीत

संपूर्ण प्रभागासाठी काम करण्याचा मोह टाळावा. चाळीस ते साठ घरे, म्हणजे एक चाळ, सोसायटीची एक इमारत, वस्तीतील एक गल्ली किंवा खेड्यातील एक वाडी, एवढीच हद्द धरावी, कारण याहून मोठ्या समूहात माणसे एकमेकांना चेहऱ्याने ओळखत असली तरी एकमेकांच्या घरचे हाल त्यांना ठाऊक नसतात. शेजारच्या गल्लीला हे काम पटले तर तिने स्वतःचा गट करावा.

गटात पाच ते सात जण पुरेत आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया असाव्यात. घरातील तंगी प्रथम स्वयंपाकघरात कळते आणि एका बाईने दुसरीला विचारलेला प्रश्न सहसा चौकशीसारखा वाटत नाही. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, बचत गटाची सचिव, किराणा दुकानदार, निवृत्त शिक्षक किंवा बँक कर्मचारी आणि गणेशोत्सव मंडळातील एखादा धावपळ करणारा तरुण अशी मंडळी बहुतेक ठिकाणी सापडतात. निवडणुकीला उभे राहू इच्छिणाऱ्याने हितचिंतक म्हणून बाहेरून साहाय्य करावे, पण गटात असू नये. तसे झाल्यास मदत घेणाऱ्याला मिंधेपणाची भीती वाटते आणि विरोधी बाजूची घरे आपोआप दूर राहतात.

भाडेकरू आणि परप्रांतीय कामगार यांच्यापैकी किमान एक जण गटात असलाच पाहिजे. मंदीत सर्वांत आधी काम जाते ते त्यांचे, आणि मूळ रहिवाशांच्या बैठकीत त्यांचे नाव सहसा निघतच नाही. कोणत्या जातीची वा धर्माची घरे गल्लीच्या कोणत्या टोकाला आहेत आणि त्या टोकाशी आपला किती संबंध आहे, हेही गटाने पहिल्याच बैठकीत प्रामाणिकपणे तपासावे.

दुसरी पायरी : परिस्थिती जाणून घ्यावी, पण सर्वेक्षण करू नये

घरोघर छापील अर्ज घेऊन जाणे ही मोठी चूक ठरते, कारण अर्जावर ‘बेरोजगार’ असे लिहून देणे कोणालाही जड जाते. त्याऐवजी गटातील प्रत्येकाने सात-आठ घरांची जबाबदारी घ्यावी आणि नेहमीच्या येण्याजाण्यातूनच अंदाज घ्यावा. किराणा दुकानातील उधारी अचानक वाढणे, दूध अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर येणे, गॅस सिलिंडर संपूनही नवा न नोंदवणे, रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी एक दिवसाआड घेणे, मुलगी शाळेत न जाता घरी दिसणे, ही सर्व तंगीची विश्वासार्ह लक्षणे आहेत. त्यांतही औषधाचे लक्षण सर्वांत गंभीर मानावे, कारण वाचवलेल्या गोळ्यांची किंमत पुढे रुग्णालयात अनेक पटींनी मोजावी लागते.

मिळालेली माहिती एकाच वहीत, घराच्या नावाऐवजी क्रमांकाने लिहावी आणि ती वही दोघांखेरीज कोणाकडे असू नये. व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणत्याही घराची अडचण नावानिशी लिहिली जाणार नाही, हा नियम पहिल्या दिवशी ठरवावा आणि तो मोडणाऱ्याला गटाबाहेर करावे.

तिसरी पायरी : वर्गणीआधी हक्काचे मिळवून द्यावे

वर्गणी गोळा करण्याचा उत्साह स्वाभाविक आहे. परंतु माझ्या मते गटाचे पहिले दोन-तीन आठवडे कागदपत्रांसाठी राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे. कायद्याने देय असलेली रक्कम शेजाऱ्यांच्या वर्गणीपेक्षा कितीतरी मोठी असते, आणि ती केवळ माहितीअभावी किंवा हेलपाट्यांच्या कंटाळ्याने बुडते.

सुरुवात कामावरून कमी करण्याच्या प्रसंगापासूनच करावी. दडपणाखाली राजीनामा लिहून देऊ नये, हे गल्लीतील प्रत्येक कामगारापर्यंत पोहोचवणे आवश्यक आहे. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला कपात म्हणून कमी करायचे असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा त्याऐवजी वेतन आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई देय होते. स्वेच्छेने राजीनामा दिल्याचा कागद झाला, की ही भरपाई मागणे अवघड होते. पाच वर्षांची सलग सेवा पूर्ण झालेली असल्यास ग्रॅच्युइटी वेगळी मिळते. सही करण्यापूर्वी कागदाचा फोटो काढावा, ‘फुल अँड फायनल’चा, म्हणजे सर्व देण्याघेण्याचा अंतिम, हिशोब लेखी मागावा आणि शंका असल्यास कामगार आयुक्तांच्या कार्यालयात किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो.

ज्यांच्या पगारातून ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, वर्गणी कापली जात होती, त्यांना एक महत्त्वाची गोष्ट बहुधा ठाऊक नसते. एप्रिल ते सप्टेंबर या काळात भरलेल्या वर्गणीचे लाभ पुढील जानेवारी ते जून या काळात आणि ऑक्टोबर ते मार्च या काळातील वर्गणीचे लाभ पुढील जुलै ते डिसेंबर या काळात मिळतात. त्यामुळे वर्गणीचे दिवस पुरेसे भरले असतील, तर नोकरी सुटल्यावरही काही महिने कुटुंबाला ईएसआय दवाखान्यात उपचार मिळू शकतात. ‘कार्ड बंद झाले’ असे समजून लोक खासगी डॉक्टरकडे पैसे भरत राहतात. याशिवाय अटल विमित व्यक्ती कल्याण योजनेत, अटी पूर्ण होत असल्यास, बेरोजगार झालेल्या विमाधारकाला सरासरी दैनंदिन कमाईच्या पन्नास टक्के दराने जास्तीत जास्त नव्वद दिवस साहाय्य मिळते. ही योजना मुदतीची असून वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून ती चालू असल्याची खात्री ईएसआयच्या शाखा कार्यालयातून करून घ्यावी. भविष्य निर्वाह निधीचे पैसे मात्र सर्वांत शेवटी काढावेत. त्यासाठी यूएएन (निधीच्या खात्याचा कायम क्रमांक), आधार, बँक खाते आणि नावाचे स्पेलिंग जुळते आहे ना, एवढे आधी दुरुस्त करून ठेवावे, म्हणजे गरजेच्या वेळी अर्ज अडकणार नाही.

शिधापत्रिकेचे काम चिकाटीचे आहे. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय (अतिगरीब) कुटुंबाला प्रति कार्ड पस्तीस किलो धान्य देय असून २०२३ च्या जानेवारीपासून ते मोफत दिले जाते. बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबाला, आधार जोडणी झालेली असल्यास, गावचे कार्ड वापरून इथल्या दुकानातून धान्य घेता येते, कार्ड बदलावे लागत नाही. गटाने प्रत्येक कार्डावर कोणाचे नाव राहिले आहे, ई-केवायसी (आधारद्वारे ओळख पडताळणी) झाले आहे का आणि लग्न होऊन आलेल्या सुनेचे किंवा नव्या बाळाचे नाव चढले आहे का, हे पाहावे. उत्पन्नाच्या दाखल्यावर मागील वर्षाचे उत्पन्न येते. त्यामुळे नुकतीच नोकरी गेलेले घर कागदावर सुस्थितीत दिसते आणि योजनेबाहेर राहते. नेमक्या अशाच घरांसाठी गटाचा स्वतःचा निधी राखून ठेवावा लागतो.

आजारपणाच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या कार्डासह सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू असून तिच्यात ठरावीक उपचारांसाठी प्रति कुटुंब वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. यादीतील रुग्णालयात गेल्यावर प्रथम ‘आरोग्यमित्र’, म्हणजे तेथे योजनेसाठी मदत करणारा कर्मचारी, गाठावा. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. रुग्णाला दाखल करतानाच ही मागणी लेखी करावी. गल्लीजवळच्या अशा रुग्णालयांची यादी करून ती दवाखान्यात आणि किराणा दुकानात लावून ठेवणे हे एका दिवसाचे काम आहे.

चौथी पायरी : धान्य आणि उधारी

किराणा दुकान ही गल्लीची पहिली पतपेढी असते. मंदीत दुकानदाराचे भांडवल उधारीच्या वहीत अडकते, घाऊक व्यापारी त्याला माल देणे थांबवतो आणि मग रोखीने घेणाऱ्यालाही दुकानात माल मिळत नाही. उधार देणारा स्वतःच बुडाला तर वस्तीचा आधारच जातो, ही गोष्ट मुंबईच्या गिरणगावाने जवळून पाहिली आहे. तेथील खाणावळी चालवणाऱ्या स्त्रिया गिरणी कामगारांना महिनाभर जेवू घालत आणि पगाराच्या दिवशी पैसे घेत. मधल्या काळात वाणी आणि सावकार यांच्या कर्जात त्या पिळल्या जात. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या स्त्रियांना संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे त्यांच्यापर्यंत आणली. पुढे १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, हजारो कामगार कोकणात आणि घाटावरच्या आपल्या गावांकडे परतले आणि ज्यांच्या पगारावर या खाणावळी चालत होत्या तो पगारच थांबला.

यावरून घ्यायचा व्यवहार असा. गटाने ‘किट’ वाटण्याऐवजी दुकानदाराकडे ठरावीक रक्कम आगाऊ जमा करावी आणि वहीतील क्रमांकाच्या घराला, समजा महिन्याला पंधराशे रुपयांपर्यंत, माल घेऊ द्यावा. त्या घरातील माणूस नेहमीप्रमाणे दुकानात जातो, आपल्याला हवी ती डाळ आणि हवे ते तेल घेतो, नेहमीच्याच वहीत नोंद होते आणि शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला काहीही वेगळे दिसत नाही. दुकानदाराच्या हाती खेळते भांडवल येते. बदल्यात त्याने त्या घरांकडे जुन्या उधारीचा तगादा तीन महिने लावू नये, असे त्याच्याशी स्पष्ट बोलून घ्यावे. मदत देताना फोटो काढणे पूर्णपणे वर्ज्य असावे.

हंगामात गहू, ज्वारी आणि तूरडाळ एकत्र खरेदी केल्यासही बचत होते. गल्लीतील पुष्कळ घरांचे गावाशी नाते असते. मार्च-एप्रिलमध्ये ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट धान्य आणले, तर शेतकऱ्याला थोडा बरा भाव आणि घरांना थोडे स्वस्त धान्य मिळते. सामुदायिक स्वयंपाकघर मात्र अगदी निकड असेल तरच सुरू करावे. त्याला जागा, गॅस, स्वच्छता आणि रोजची माणसे लागतात, आणि बहुतेक कुटुंबांना आपल्या चुलीवर शिजवलेलेच बरे वाटते. एकटे राहणारे वृद्ध आणि खोलीवर राहणारे कामगार यांना शेजारच्या दोन-तीन घरांनी वार ठरवून डबा देणे जास्त सोपे जाते. गरीब विद्यार्थ्यांना वार लावून जेवू घालण्याची पद्धत पुण्यासारख्या शहरांना नवी नाही.

पाचवी पायरी : निधी

निधीचा आकडा लहान असला तरी चालेल, नियम मात्र आधी लिहिलेले हवेत. पन्नासपैकी पस्तीस घरांनी महिन्याला दोनशे रुपये दिले, तर सात हजार रुपये जमतात आणि सहा महिन्यांत बेचाळीस हजार होतात. यातील दोन तृतीयांश रक्कम बिनव्याजी उसनवारीसाठी आणि एक तृतीयांश औषधे व शाळेचे शुल्क यांसाठी परत न मागण्याच्या बोलीवर ठेवावी. उसनवारीची कमाल मर्यादा, उदाहरणार्थ पाच हजार रुपये, सर्वांना सारखी असावी. परतफेड नवे उत्पन्न सुरू झाल्याच्या दुसऱ्या महिन्यापासून लहान हप्त्यांत सुरू व्हावी. ज्या घरांना वर्गणी शक्य नाही त्यांनी वेळ द्यावा, म्हणजे वृद्धांना दवाखान्यात नेणे, मुलांचा अभ्यास घेणे किंवा कागदपत्रांसाठी रांगेत उभे राहणे हीदेखील वर्गणी मानावी. शेतीत इर्जिक आणि सावड या रीतींनी माणसे एकमेकांचे श्रम असेच फेडत आली आहेत.

खाते तिघांच्या नावे उघडून दोघांच्या सहीने चालवावे. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जमा, खर्च आणि शिल्लक यांचे आकडे सर्वांसमोर वाचावेत, घेणाऱ्यांची नावे मात्र कधीही वाचू नयेत. बचत गटांची पंचसूत्री, म्हणजे नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नीट लिहिलेले हिशोब, या कामाला जशीच्या तशी लागू पडते. गल्लीत आधीपासून बचत गट असेल तर नवे काही न काढता त्याच्या सचिवांकडून हिशोबाची पद्धत शिकावी. ओळखीच्या मोजक्या घरांपलीकडे, जास्त परताव्याचे आमिष दाखवून ठेवी गोळा करण्याच्या फंदात कोणत्याही परिस्थितीत पडू नये. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि मंदीतच अशा योजनांचे एजंट वस्तीत फिरू लागतात.

गृहनिर्माण संस्थांना आणखी एक मार्ग मोकळा असतो. ज्या सभासदाचे उत्पन्न थांबले आहे त्याच्या देखभाल शुल्काच्या थकबाकीसाठी हप्ते ठरवून द्यावेत आणि थकबाकीदारांची यादी फलकावर लावण्याची प्रथा या काळात थांबवावी. घरकाम करणाऱ्या स्त्रिया, सफाई कामगार आणि सुरक्षा रक्षक यांना एकाएकी कमी न करण्याचा ठराव सभेत मांडावा. काटकसर करायची झालीच, तर ती सजावटीच्या आणि समारंभांच्या खर्चात आधी करावी.

सहावी पायरी : कर्जाचा फास

हप्ता थकण्यापूर्वी बँकेत जाणे आणि थकल्यानंतर जाणे यांत मोठा फरक आहे. नोकरी गेल्याचे पत्र घेऊन आधीच शाखेत लेखी अर्ज केला, तर हप्ता कमी करून मुदत वाढवून मिळण्याची शक्यता असते. चेक परतल्यावर मात्र दंड वाढतो आणि पुढची कर्जे महाग होतात. गटातील निवृत्त बँक कर्मचाऱ्याने सोबत गेल्यास संकोच कमी होतो.

सावकाराच्या बाबतीत तीन गोष्टी प्रत्येक घराला सांगाव्यात. परवान्याशिवाय सावकारी करणे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार गुन्हा आहे. कोरा चेक किंवा कोरा मुद्रांक कधीही सही करून देऊ नये. आणि जाच होत असल्यास जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करता येते. मोबाइलवरून झटपट कर्ज देणारी अनोळखी ॲप त्याहून घातक आहेत, कारण ती फोनमधील संपर्क आणि छायाचित्रे मिळवून बदनामीची धमकी देतात. असा प्रकार घडल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि शेजाऱ्यांनी धमकीचे संदेश आले तरी त्या घराला एकटे पाडू नये.

सातवी पायरी : काम

गल्लीत कोणाला वेल्डिंग येते, कोणाला शिवण, कोणाला पंप दुरुस्ती, कोणाला संगणकावर अर्ज भरणे, याची यादी करून आसपासच्या सोसायट्यांत आणि दुकानांत द्यावी, आणि आपल्या घरातील लहानसहान कामे बाहेर देण्याआधी ती यादी पाहावी. एकत्र वापरता येतील अशी अवजारे, उदाहरणार्थ ड्रिल, शिडी, शिलाई मशीन, गटाकडे जमा ठेवल्यास भांडवलाविना काम सुरू करता येते.

नवा गृहउद्योग काढण्याचा सल्ला मात्र जपून द्यावा. गिरगावातील सात स्त्रियांनी १९५९ साली ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभे राहिले, हे खरे आहे. म्हणून एकाच गल्लीतल्या दहा घरांनी पापड-मसाले सुरू केले तर मंदीत ते विकत कोण घेणार, याचा विचार आधी करावा लागतो. गिऱ्हाईक ठरल्याशिवाय कर्ज काढून यंत्र घेऊ नये. जी कुटुंबे गावी परतत आहेत त्यांनी ग्रामपंचायतीत कामाची मागणी लेखी नोंदवून तारखेसह पोच घ्यावी, कारण पोच नसेल तर मागणी केल्याचा पुरावा राहत नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांनी महाराष्ट्रातील लाखो माणसे जगवली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ पासून शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. ज्यांचा पगार सुरू आहे त्यांनी पगार थांबलेल्यांचा भार उचलण्याची रीत या राज्याने कायद्यातही आणली होती, हे वर्गणी मागताना सांगण्यासारखे आहे.

आठवी पायरी : घराच्या आतले

बेरोजगारीत दारू, मारझोड, मुलीचे शिक्षण थांबवून लग्न उरकण्याची घाई आणि जगणे नकोसे वाटणे हे धोके वाढतात, आणि त्यांच्यावर पैशाने उपाय होत नाही. नोकरी गेलेल्या माणसाला गटाने शक्य तितक्या लवकर काही जबाबदारी द्यावी, मग ती संध्याकाळच्या अभ्यासिकेची चावी सांभाळण्याची असली तरी चालेल. दिवस कसा घालवायचा हा प्रश्न पैशाइतकाच छळतो. माणूस अबोल झाला, निरवानिरवीची भाषा बोलू लागला, तर सरळ विचारावे आणि त्याला एकटे सोडू नये. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ हे क्रमांक जिन्यात, सर्वांना दिसतील असे, पण कोणाच्याही दाराजवळ नाही, असे लावावेत. मारझोडीच्या प्रसंगी ‘घरातले भांडण’ म्हणून दार लावून घेणाऱ्या शेजाऱ्यांपेक्षा दार वाजवून साखर मागणारी शेजारीण अधिक उपयोगी पडते.

स्थिती सुधारल्यावर

पहिले घर सावरले की त्याने उसनवारी फेडावी आणि शक्य असल्यास गटात काम करावे, कारण ज्याने मदत घेतली आहे त्याला पुढच्या घराशी कसे बोलावे हे अधिक चांगले समजते. निधी वाटून टाकू नये. वर्गणी दोनशेवरून पन्नासवर आणून खाते चालू ठेवावे, रुग्णालयांची यादी आणि हेल्पलाइन क्रमांक दर सहा महिन्यांनी तपासावेत, दरवर्षी गटातील दोन सदस्य बदलावेत आणि अडचणींच्या नोंदी असलेली क्रमांकांची वही, ज्यांची गरज संपली आहे त्यांची पाने काढून नष्ट करून, नव्या सदस्यांच्या हाती सोपवावी.